आधी मोजे काढा

तुमच्या घरी शेवटचा ताप कुणाला आला होता, आणि त्या माणसाचे तळपाय तुम्ही उजेडात धरून पाहिलेत का?

नाही पाहिलेत. कपाळाला हात लावलात, थर्मामीटर शोधलात, कुणीतरी सांगितला म्हणून पपईच्या पानांचा रस काढलात आणि थंडी वाजते म्हणून त्याच्या पायांत लोकरी मोजे चढवलेत. माझ्या आईनंही तेच केलं. मी आज हे लिहिते आहे, कारण एका बाईनं ते मोजे ओढून काढले.

मी अडाणी होते, मला काही कळत नव्हतं, ही सबब माझ्याकडे नाही. उल्हासनगरातल्या एका खासगी रुग्णालयाच्या कॅज्युल्टीत मी चार वर्षं स्टाफ नर्स आहे. ताप घेऊन येणारी माणसं हेच माझं रोजचं काम. ज्या गोष्टींचा मला तिटकारा आहे त्यांची यादी पुढे येईलच. त्यात माझंही नाव आहे, आणि ते तळाशी नाही.

व्हायरल नावाची टोपली

दसरा होऊन आठवडा झाला होता. सकाळच्या ड्यूटीत सलाइन लावताना माझे दात वाजायला लागले. मी एक गोळी घेतली आणि ड्यूटी पुरी केली. आजारी नर्सनं आजारी माणसांत हिंडावं हा शुद्ध मूर्खपणा आहे. आमच्याकडे त्याला सेवाभाव म्हणतात आणि नर्स दिनाला त्याबद्दल गुलाबाचं फूल देतात.

दुसऱ्या दिवशी बदलापुरातल्या नेहमीच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी मान वर न करता व्हायरल सांगितलं, सगळीकडे तेच चाललंय म्हणाले, सुई टोचली. व्हायरल ही एक टोपली आहे. ज्याचं नाव शोधायचा कंटाळा येतो ते तिच्यात टाकायचं. मग रक्त तपासलं. डेंग्यू नाही, मलेरिया नाही. टायफॉइडच्या तपासणीत काहीतरी पुसटसं दिसलं, म्हणून टायफॉइड. त्या पुसट रेघेवर माझे उपचार सुरू झाले आणि ताप आपल्या जागी राहिला. डोकं असं दुखत होतं की नजर फिरवायची भीती वाटायची. पोटऱ्या कुणीतरी पिळून वाळत घातल्यासारख्या झाल्या होत्या.

भेटायला येणाऱ्यांनी किवी आणली. ए विंगच्या काकूंनी किवी, सी विंगच्या काकूंनीही किवी. माझ्या प्लेटलेट्स उतरल्याची बातमी मला कळायच्या आधी सोसायटीच्या ग्रुपवर पोचली होती. चौथ्या दिवशी उभं राहताना मी मोरीच्या दारात कोसळले आणि बाबांनी रिक्षा आणली.

विकलेली गाय

इथे थांबून घराबद्दल सांगायला हवं, कारण माझा आजार रक्ताच्या रिपोर्टात नव्हता, आमच्या घराच्या मागे बांधलेला होता.

आम्ही बदलापुरातल्या खरवईचे. आज जिथे आमची इमारत आहे तिथे आजोबा भात लावायचे. जमीन गेली, बदल्यात दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. इमारतीच्या नावात डोंगरही आहे आणि दरीही आहे, खिडकीतून पार्किंग दिसतं. शेतातलं एकच माणूस आमच्याबरोबर या नव्या जगात आलं, ती आमची गाय तांबू.

सोसायटी झाली, कमिटी झाली आणि शेणाला वास येतो असा शोध लागला. लिफ्टमध्ये नोटीस चिकटली: आवारात किंवा आवाराला लागून गुरं बांधण्यास सक्त मनाई. तक्रारीवर पहिली सही बी विंगमधल्या एका डॉक्टरांची. हेच डॉक्टर आमच्या रुग्णालयात ड्यूटीवर असतात, माझ्याच कॅज्युल्टीत. माणूस वाईट नाही. फक्त इथे येऊन त्याला जेमतेम वर्ष झालं होतं आणि आजोबांच्या बांधावर उभं राहून तो आम्हाला नाक दाबून दाखवत होता.

बाबांनी आनंदनगरच्या कारखान्यात आयुष्य काढलं. युनियनची पत्रकं तेच लिहायचे. पिवळ्या कागदाच्या त्या पत्रकांच्या घड्या घालत मी लहानाची मोठी झाले, अक्षरं मी त्यांवरच ओळखायला शिकले. गेटवर मालकाच्या गाडीपुढे पत्रक धरणारा हा माणूस लिफ्टमधल्या एका नोटिशीपुढे गप्प झाला. भांडायची ताकद संपली होती की शेजाऱ्यांशी भांडायची लाज वाटत होती, ते त्यांनाच माहीत. त्यांनी सांगून टाकलं, गाय विकली.

गाय विकली नव्हती. कंपाउंडच्या मागच्या भिंतीपलीकडे आमचा एक चिंचोळा तुकडा उरला होता, तिथे पत्र्याच्या आडोशाला ती उभी होती. गाभण होती, पण अजून दूध देत होती. आई भाजीची पिशवी घेऊन निघायची आणि पिशवीत पेंड असायची. वॉचमनला, शेजाऱ्यांना, पाहुण्यांना आम्ही तिघं एकच सांगायचो: विकली. इतक्यांदा सांगितलं की ते खोटं आम्हाला आमच्या पत्त्यासारखं पाठ झालं.

रोज ड्यूटीआधी मी आईबरोबर भिंतीमागे जायचे. पावसानंतर गवत कमरेपर्यंत आलेलं असतं, आणि तांबूच्या कानांत, कासेजवळ गोचिडी टम्म फुगून बसलेल्या असायच्या. आई एकेक ओढून रॉकेलच्या डब्यात टाकायची. मला घाई. मी अंगठ्याच्या नखाखाली चिरडायचे, बोट ओढणीला पुसायचे आणि रिक्षा पकडायचे. गोचीड ही आमच्याकडे सांगायची गोष्ट नसते. आज घरात धूळ होती, असं कुणी सांगतं का?

तीन नंबर

मला माझ्याच कॅज्युल्टीत, मी रोज चादर बदलते त्या तीन नंबरच्या बेडवर आणलं. वॉर्डात जागा रिकामी नव्हती, म्हणून तिथेच राहिले. आडवं पडलं की रुग्णालय वेगळं दिसतं. माणसं तुमच्या अंगावरून एकमेकांशी बोलतात. माझ्या पोटावर फाइल ठेवून दोघींनी दिवाळीच्या सुट्ट्या वाटून घेतल्या. मी त्यांच्यातलीच, तरी दुसऱ्या दिवसापासून मी "तीन नंबर" झाले. मीही असंच करत आले होते, म्हणून मला बोलायला तोंड नव्हतं.

चांगल्या गोष्टीही होत्या. ज्युनिअर सिस्टर न सांगता ओल्या कापसानं ओठ पुसायची. आयाबाई उशीची गार बाजू वर करून द्यायच्या. एवढं एवढंसं. पण ज्याचं डोकं जळत असतं त्याला उशीची गार बाजू म्हणजे काय ते विचारा.

ड्यूटीवर बी विंगचे डॉक्टर होते. त्यांनी नेहमीचे प्रश्न विचारले. कुठे प्रवास? नदीवर पोहणं? घरात उंदीर? आणि मग:

"घरी जनावरं?"

आई पायांशी उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. तो प्रश्न का विचारतात ते मला माहीत होतं, परीक्षेत त्याचं उत्तर मी लिहिलेलं आहे. पण दोन आठवड्यांनी सोसायटीची मीटिंग होती, गाय गाभण होती, आणि समोर पहिली सही उभी होती.

मी म्हणाले, "नाही."

"हो, तुम्ही विकलीत ना ती," ते म्हणाले. "बरं केलंत." आणि तसं त्यांनी लिहिलं.

लक्षात घ्या, हे आई बोलली नाही. मी बोलले. दारू किती पिता ते खरं सांगा, म्हणून रोज दहा जणांवर डाफरणारी मी. खोटं बोलणाऱ्या पेशंटची कीव करणारी मी. पत्रकांवर वाढलेल्या मुलीनं स्वतःच्या जिवाच्या कागदावर खोटी माहिती भरली, आणि ती कुणासाठी, तर एका लिफ्टमधल्या नोटिशीसाठी.

मोजेवाली

आमच्या इन्चार्ज मोहिनी सिस्टर उल्हासनगरच्या, फाळणीनंतर वसलेल्या कॅम्पातच जन्मल्या, कॅम्पातच वाढल्या. घरी सिंधी, आमच्याशी हिंदी-मराठीची भेळ. त्यांचा एक छंद होता, ज्याला आम्ही सगळ्या वैतागलो होतो. तापाचा पेशंट एका ड्यूटीकडून दुसऱ्या ड्यूटीच्या ताब्यात देताना त्याचे मोजे उतरवायचे, बांगड्या वर सरकवायच्या, टॉर्च मारायचा, तळहात-तळपाय बघायचे. "बिना देखे पेशंट मत देना" हे त्यांचं पालुपद. त्यात दहा मिनिटं जायची आणि आमच्या रिक्षा चुकायच्या.

आम्ही त्यांना मोजेवाली म्हणायचो. कॅन्टीनमध्ये त्यांची सगळ्यात चांगली नक्कल मी करायचे.

आणि याच्या वीसेक दिवस आधीची गोष्ट. पालेगावहून एक बाई ताप घेऊन आली होती, तिकडच्या नव्या बिल्डिंगच्या कामावर होती. पायांत मोजे. नवरा म्हणाला, थंडी वाजतेय. बाहेर गर्दी होती आणि मोहिनी सिस्टर रजेवर होत्या. मी मोजे काढले नाहीत. कागदावर मात्र लिहिलं, अंगावर पुरळ नाही. गोळ्या घेऊन ती घरी गेली.

साय

तापाच्या सहाव्या दिवशी दुपारी दोनच्या हँडओव्हरला मोहिनी सिस्टर माझ्या बेडशी आल्या. मी तेव्हा भानावर नव्हते. चादरीच्या टोकाच्या पत्रकासारख्या घड्या घालत बसले होते म्हणे, आणि मोजत होते. पुढचं मला आईनं आणि ज्युनिअर सिस्टरनं सांगितलं. दोघींनी वेगवेगळं सांगितलं आणि ते जुळलं, म्हणून लिहिते.

मोहिनी सिस्टरनी आईनं घातलेले मोजे ओढले आणि टॉर्च मागितला. तळपायांवर लालसर ठिपके, घोट्यांवर दाट. मग तळहात उघडले, तिथेही. मग त्यांनी माझे केस विंचरल्यासारखे बोटांनी बाजूला केले आणि कानामागे थांबल्या. तिथे डाळीएवढी काळी खपली होती, गोचीड चावल्याची खूण. मी ती पुळी समजून खाजवत होते.

त्यांनी आईला विचारलं, घरी गाय-म्हैस? आई म्हणाली, "नाय. इकली." कुत्रा? "नाय."

बी विंगचे डॉक्टर फाइल घेऊन शेजारीच उभे होते.

मोहिनी सिस्टरनी वाद घातला नाही. आई माझ्यासाठी रोज स्टीलच्या डब्यात दूध आणायची, आणि थर्मासमधून स्टाफला चहा. कपाटावरचा तो डबा त्यांनी उघडला, चमचा घातला आणि जाड पिवळसर साय उचलून धरली.

"तीन दिवस तुम्ही मला चहा पाजताय, ताई. मीपण घरी दूध तापवते. थैलीच्या दुधाला अशी साय येते का कधी? गाय कुठे बांधली आहे?"

आईनं डॉक्टरांकडे पाहिलं. मग माझ्या हातांकडे पाहिलं, ते अजून चादर घडी करत होते.

"भिंतीमागं हाय," ती म्हणाली. "गाभण हाय. गोचिडी ही पोरगीबी काढते, नखानं. लिवा काय लिवायचं ते."

डॉक्टरांचं म्हणणं पडलं की रक्त पाठवू, रिपोर्ट आला की ठरवू. मोहिनी सिस्टरनी तिथूनच मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. सर, तळव्यांवर आहेत, हातांच्या आणि पायांच्या. खपली आहे. गोचीड रोज हातानं काढते. नाही सर, ऐकलेलं नाही, मी स्वतः बघितलंय. पलीकडून डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक सुरू करायला सांगितलं, रिपोर्टसाठी थांबू नका म्हणून. फोन खाली ठेवल्यापासून दहा मिनिटांत पहिला डोस माझ्या पोटात होता.

तापाचं नाव गोचिडीचा ताप. रक्ताचा रिपोर्ट मी घरी गेल्यावर आला. त्याची वाट बघितली असती तर तो कुणाच्या हातात दिला असता, देव जाणे.

दोन दिवस

त्याच संध्याकाळी मला आयसीयूत हलवलं. रक्तदाब घसरत होता, श्वास उथळ झाला होता. शुद्ध येऊन-जाऊन होती. मी धीट होते वगैरे कुणी म्हणेल तर खोटं आहे. मॉनिटरवरचे आकडे मला वाचता येतात, आणि त्या दोन दिवसांत मला वाटलं की अशिक्षित असते तर बरं. आईला काचेतून पाहायचे. ती काचेला हात लावून उभी राहायची आणि सिस्टर तिला दर खेपेला हात काढायला सांगायची, डाग पडतात म्हणून.

तिसऱ्या सकाळी घाम आला. चादर भिजली, डोक्यातला हातोडा थांबला, आणि मी वरण-भात मागितला. बरं होणं म्हणजे एवढंच असतं, भूक. पुस्तकांत लोकांना साक्षात्कार होतात. मला लिंबाच्या फोडीची आठवण झाली.

मोहिनी सिस्टर दुपारी आल्या. खुर्ची ओढून बसल्या. माझ्या पायांवरचं पांघरूण वर करून ठिपके बघितले, मग म्हणाल्या, "चल, आता माझी नक्कल करून दाखव. कॅन्टीनमध्ये फार छान करतेस म्हणे."

हात उचलवत नव्हते म्हणून वाचले. त्या हसल्या आणि स्वतःच्या हातानं मला दोन चमचे भात भरवला. माफी मागायचं मी ठरवलं होतं, तोंडात घास होता.

डॉक्टरही आले. म्हणाले, "तुम्ही मला सांगायला हवं होतं."

"तुम्ही सही केली नसती तर सांगितलं असतं," मी म्हणाले.

ते चार्ट उचलून वाचायला लागले. मला उत्तर जमलं याचा आनंद झाला, पण पुरता नाही, कारण त्यांचंही म्हणणं खरं होतं.

घरी

घरी आले तर लिफ्टमध्ये नवी नोटीस: गोचिडींच्या प्रादुर्भावामुळे. आता त्यांना शास्त्रही मिळालं होतं. सेक्रेटरींचा लॅब्राडोर त्याच लिफ्टनं खाली जात होता, आणि त्याच्या कानात मला दोन गोचिडी लांबूनच दिसल्या. मी सेक्रेटरींना दाखवल्या. ते म्हणाले, आमचा घरातला आहे, त्याचं वेगळं. गोचीड चावण्याआधी फ्लॅटचे कागद बघते, असं त्यांचं मत असावं.

आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मला वाटलं, गाय उघडी पडली म्हणून. तसं नव्हतं. आपल्या गायीनं पोरगी घालवली असती, हे तिला गिळवत नव्हतं. ती तांबूजवळ जात होती, पेंड घालत होती, पण अंगावर हात फिरवत नव्हती. मी सांगितलं, तांबूचा काय दोष, गोचीड माझ्या नखाखाली होती. तिनं पेंडीची पिशवी उचलली आणि खाली गेली.

बाबा मात्र टेबलाशी बसले होते. कित्येक वर्षांनी त्यांनी पत्रक लिहिलं, मला वाचायला दिलं. "गेटवर कधी खोटं छापलं नाही," ते म्हणाले. "घरात बोललो." पत्रकात पहिलं वाक्य होतं: आमची गाय विकलेली नाही, आम्ही खोटं बोललो. पुढे जागा आमची आहे, जनावरांचे डॉक्टर येऊन औषध मारून गेलेत, ज्यांच्या घरी कुत्री आहेत त्यांनीही मारून घ्यावं, आणि ताप आला तर हे सांगा, लपवू नका. मी घड्या घातल्या. प्रत्येक दाराखालून एक पत्रक सरकवलं. रविवारच्या मीटिंगमध्ये आरडाओरडा झाला, पुढच्या मीटिंगमध्येही होईल. मधल्या काळात तांबू व्याली आहे आणि अजून भिंतीमागेच आहे. आता आई पेंड पिशवीत न लपवता नेते.

ड्यूटीवर परतले तेव्हा बी विंगचे डॉक्टर एका वॉचमनच्या बुटाची नाडी सोडत होते. वॉचमन संकोचून पाय मागे घेत होता. मला त्यांच्याबद्दल चांगलं लिहायची हौस नाही, पण पाहिलेलं लिहिलं पाहिजे.

पालेगावच्या त्या बाईचा फोन मी लावला. बंद आहे. सुट्टीच्या दिवशी तिकडे गेले. बिल्डिंग उभी राहिली होती, कामगारांच्या झोपड्या उठल्या होत्या, टोळी कुठल्या साइटवर गेली ते कुणाला सांगता येईना. तिला हाच ताप होता, असं मी म्हणत नाही. काय होतं ते मला माहीत नाही, आणि ते माहीत करून घ्यायचं काम माझंच होतं.

आता तुमचं काम

गोचीड नखानं चिरडू नका. चिमट्यानं धरून हळू सरळ ओढा, हात साबणानं धुवा. ताप आला तर जनावर, कुत्रं, गवत, चावा, सगळं सांगा, विचारलं नाही तरी सांगा. सांगताना अडचण होईल असा माणूस समोर उभा असेल तर त्याला बाहेर जायला सांगा आणि मग सांगा. औषध मात्र माझ्या लेखावरून घेऊ नका, डॉक्टरकडून घ्या, आणि तो व्हायरल म्हणाला तर आपले तळवे त्याच्यापुढे धरा.

माझ्यासारख्या नर्सेसना एवढंच: न पाहता "पुरळ नाही" लिहू नका.

त्या बाईचे मोजे निळे होते, अंगठ्यापाशी पांढऱ्या दोऱ्यानं शिवलेले. एवढं मी नीट पाहिलं होतं. आत पाहिलं नाही. तुमच्या घरात आज कुणाला ताप असेल तर हा कागद खाली ठेवा, दिवा लावा आणि त्याचे मोजे काढा.